कारणाच्या रकान्यात न मावणारे कारण

आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी चौकशीसाठी जाणाऱ्या माणसाच्या हातात कागद असतो. मृताचे नाव, वय, जमिनीचे क्षेत्र, पिकाची अवस्था, कर्जाची रक्कम आणि कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव अशी माहिती भरत भरत तो अखेर एका प्रश्नापाशी येऊन थांबतो. या मृत्यूचे कारण काय? उत्तरादाखल नापिकी, कर्जबाजारीपणा, आजारपण, व्यसन, कौटुंबिक कलह असा एखादा शब्द लिहिला जातो आणि बव्हंशी त्या शब्दावरून ते प्रकरण ‘पात्र’ ठरते किंवा ‘अपात्र’. नापिकी, मान्यताप्राप्त संस्थेचे थकलेले कर्ज आणि त्याच्या वसुलीचा तगादा यांचा पुरावा असेल, तरच वारसांना शासनाची एक लाख रुपयांची मदत मिळावी, अशी पद्धत महाराष्ट्रात २००६ पासून रूढ झाली. ज्याने दुसऱ्याची जमीन मक्त्याने किंवा बटईने केली, ज्याने बिनपरवाना सावकाराकडून वा सोयऱ्याधायऱ्यांकडून पैसे उचलले, त्याच्या घरी दाखवायला कागद नसतो. कागद नाही म्हणून कारण नाही, आणि कारण नाही म्हणून मदत नाही, असा हा हिशेब आहे.

वरवर पाहता हा महसूल खात्याच्या कार्यपद्धतीचा प्रश्न वाटतो. वस्तुतः त्याच्या बुडाशी तत्त्वज्ञानातील एक जुना प्रश्न आहे. ‘कारण’ म्हणजे नेमके काय? घटनेच्या लगेच आधी जे घडले ते कारण, की तिच्या जोडीने जे वारंवार आढळते ते कारण, की माणसे स्वतः जे सांगतात ते कारण? समाजकार्य शिकणाऱ्या आणि करणाऱ्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही. माणसाच्या दुःखाचे मूळ तो जेथे मानील, तेथेच तो उपायासाठी हात घालणार. गेल्या पन्नास वर्षांत ‘चिकित्सक वास्तववाद’ या नावाने ओळखल्या गेलेल्या विचारधारेने या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणूनच केवळ तत्त्वज्ञानाच्या वर्गापुरते राहत नाही. त्या ओसरीवर बसलेल्या विधवेच्या प्रकरणाशीही त्याचा संबंध पोहोचतो.

दोन अपुरी उत्तरे

समाजकार्याला शास्त्राचे अधिष्ठान असावे, ही आकांक्षा जुनी आहे. अमेरिकेत मेरी रिचमंड यांनी १९१७ साली ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ लिहिला. त्याच्या नावातच वैद्यकातील रोगनिदानाची कल्पना आहे. आपल्याकडे १९३६ साली मुंबईत दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पहिले विद्यालय निघाले. आज ‘टाटा सामाजिक विज्ञान संस्था’ म्हणून ओळखली जाते, ती हीच संस्था. तेव्हापासून समाजकार्याच्या संशोधनात दोन प्रवाह वाहत आले आहेत. एक मोजणीचा आणि दुसरा ऐकण्याचा.

मोजणी करणाऱ्यांची श्रद्धा अशी की, ज्याचे निरीक्षण करता येते आणि ज्याची गणना करता येते तेच शास्त्राचे क्षेत्र. एक गोष्ट दुसरीच्या जोडीने नियमाने आढळली, की त्यांचा कार्यकारणसंबंध सिद्ध झाला. या प्रत्यक्षार्थवादी भूमिकेने समाजकार्याला शिस्त लावली, हे नाकारता येणार नाही. तथापि आकड्यांनाही स्वतःचा इतिहास असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांचेच उदाहरण पाहावे. २०१४ साली देशात ५,६५० शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद झाली, तर २०१५ साली ८,००७ शेतकऱ्यांनी. एका वर्षात चाळीस टक्क्यांहून अधिक वाढ पाहून कोणीही हादरून जाईल. परंतु त्याच अहवालांत शेतमजुरांचा आकडा ६,७१० वरून ४,५९५ वर उतरलेला दिसतो. दोहोंची बेरीज केली तर १२,३६० आणि १२,६०२ असे आकडे येतात. म्हणजे शेतावरचे दुःख एका वर्षात फारसे बदलले नव्हते. कोणाला शेतकरी म्हणायचे आणि कोणाला मजूर, या वर्गीकरणावरच ते दोन आकडे हलत होते, असे मानावे लागते. जो केवळ रकान्याकडे पाहील, त्याला त्यात मोठा सामाजिक बदल दिसेल.

ऐकणाऱ्यांचा मार्ग वेगळा. माणसाचे जग अर्थांनी बनलेले असते. ते अर्थ त्याच्याच तोंडून समजून घ्यावेत, असे ते मानतात. ही भूमिकाही मोलाची आहे. परंतु एखाद्या घरी जाऊन ऐकू लागावे, तर काय ऐकू येईल? पत्नी म्हणेल, नशीब फुटके निघाले. भाऊ म्हणेल, दारू वाढली होती. कृषिकेंद्राचा दुकानदार म्हणेल, त्याला हिशेब ठेवता येत नव्हता. शेजारी म्हणेल, सोसायटीच्या माणसाने चारचौघांत अपमान केला. ही सारी कथने आपापल्या जागी खरी आहेत. पण सारीच सारखी खरी, आणि त्यांच्यापलीकडे काही सत्य असे नाहीच, असे मानले तर कार्यकर्त्याला केवळ लेखनिकाचे काम उरते. मग ‘नशीब’ आणि ‘कर्ज’ यांत निवड करण्याचा त्याला अधिकार राहत नाही. अन्यायाला अन्याय म्हणण्याचाही राहत नाही.

वास्तवाचे तीन थर

या पेचातून वाट काढण्याचा प्रयत्न ज्या तत्त्वज्ञाने केला, त्याचे आपल्या देशाशी नाते होते. रॉय भास्कर यांचा जन्म १९४४ साली लंडनमध्ये झाला. वडील भारतीय, आई इंग्रज. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी प्रथम हाती घेतलेला विषय होता, अविकसित देशांच्या संदर्भात अर्थशास्त्रीय सिद्धान्त कितपत उपयोगी पडतात, हा. त्या विषयाचा पाठपुरावा करताना त्यांच्या ध्यानात आले की, मूळ अडचण अर्थशास्त्रात नाही, शास्त्राच्या कल्पनेतच आहे. त्यातून १९७५ साली ‘ए रिअलिस्ट थिअरी ऑफ सायन्स’ आणि १९७९ साली ‘द पॉसिबिलिटी ऑफ नॅचरलिझम’ हे त्यांचे दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. भास्कर २०१४ साली निवर्तले. त्यांच्या उत्तरायुष्यातील लेखनाबद्दल त्यांच्या अनुयायांतही मतभेद आहेत. परंतु या दोन ग्रंथांनी घातलेला पाया टिकून राहिला.

त्यांचा युक्तिवाद एका साध्या प्रश्नापासून सुरू होतो. शास्त्रज्ञाला प्रयोग का करावा लागतो? निसर्गाचे नियम म्हणजे केवळ ‘हे घडले की ते घडते’ अशी नियमितता असती, तर खिडकीतून बाहेर पाहूनच ते कळले असते. तसे होत नाही. बाहेरच्या जगात अनेक शक्ती एकाच वेळी काम करीत असतात. एक दुसरीला अडवते, तिसरी चौथीला बळ देते. प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ इतर शक्ती दूर ठेवून एकीलाच मोकळे करतो, म्हणून तेथे नियमितता दिसते. प्रयोगशाळेचे दार उघडले की नियमितता नाहीशी होते. पण ती शक्ती नाहीशी होत नाही. वाऱ्यावर तरंगणारे पान गुरुत्वाकर्षण खोटे ठरवीत नाही. ते पान तरंगत असतानाही पृथ्वी त्याला ओढीतच असते.

यावरून भास्कर यांनी वास्तवाचे तीन थर कल्पिले. जे आपल्या अनुभवास येते ते ‘अनुभूत’. जे घडते, मग ते कोणाच्या अनुभवास येवो वा न येवो, ते ‘घटित’. आणि ज्या रचना व शक्ती या घटना घडवितात, किंवा घडविण्याची क्षमता असूनही अडून राहतात, त्यांचा थर सर्वांत खोल. त्यास ते ‘वास्तव’ म्हणतात. आपल्याला जेवढे कळते तेवढेच अस्तित्वात आहे, असे समजणे ही ज्ञान आणि ज्ञेय यांची गल्लत होय. ज्ञान माणसाने घडविलेले असते, म्हणून ते चुकू शकते आणि सुधारूही शकते. ज्ञेय वस्तू मात्र आपल्या मताची वाट पाहत थांबलेली नसते.

समाजाला हे लागू करताना भास्कर एक महत्त्वाची पुस्ती जोडतात. सामाजिक रचना माणसांच्या कृतीतूनच टिकतात किंवा बदलतात. परंतु कोणताही माणूस त्या नव्याने निर्माण करीत नाही, त्या त्याच्या जन्माआधीच हजर असतात. कृषिकेंद्रातून उधारीवर बियाणे आणि खत उचलणारा शेतकरी उधारीची व्यवस्था टिकावी म्हणून ते उचलीत नाही. पेरणीची वेळ टळू नये म्हणून उचलतो. तरीही त्याच्या आणि त्याच्यासारख्या हजारोंच्या कृतीतून ती व्यवस्था दरवर्षी नव्याने उभी राहते. माणसाला सर्वस्वी परिस्थितीचा गुलाम किंवा सर्वस्वी आपल्या नशिबाचा शिल्पकार मानणाऱ्या दोन्ही टोकांना येथे सारखाच नकार आहे.

शेजारी का जगला?

विदर्भातील शेतकऱ्यांच्या प्रश्नावर अधिकाऱ्यांच्या आणि शहरी सुशिक्षितांच्या तोंडून एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. त्याच गावात, तेवढ्याच कोरडवाहू जमिनीवर, तेवढेच कर्ज असलेला शेजारी जिवंत आहे. मग कर्ज हे मृत्यूचे कारण कसे? हा प्रश्न बिनतोड वाटतो. पण ‘कारण असेल तेथे कार्य दिसलेच पाहिजे’ हे त्याचे गृहीत मान्य केले, तरच तो बिनतोड ठरतो. चिकित्सक वास्तववाद नेमके हेच गृहीत नाकारतो. कर्जाची शक्ती शेजाऱ्याच्या घरीही काम करीत असते. तेथे तिला कोणी तरी अडवलेले असते. त्या घरात शिक्षकाची नोकरी करणारा भाऊ असेल, विहिरीला पाणी असेल, किंवा रात्री उठून बसलेल्या माणसाला ‘काय झाले?’ असे विचारणारे कोणी असेल.

ही केवळ तर्काची कसरत नव्हे. जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांच्या विषण्णतेचा अभ्यास करून १९७८ साली ‘सोशल ओरिजिन्स ऑफ डिप्रेशन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो आत्महत्येविषयी नाही. पण त्याची रीत येथे मार्गदर्शक ठरते. आयुष्यात मोठा आघात झालेल्या साऱ्याच स्त्रिया आजारी पडल्या नव्हत्या. ज्यांना मन मोकळे करण्याजोगे जवळचे माणूस नव्हते, ज्यांची आई बालपणीच गेली होती, ज्यांच्या पदरी तीन वा अधिक लहान मुले होती आणि ज्यांना घराबाहेर काम नव्हते, त्यांच्या बाबतीत आघात अधिक घातक ठरला होता. श्रमिक वर्गातील स्त्रियांत विषण्णतेचे प्रमाण अधिक का, याचा उलगडाही त्यातून बऱ्याच अंशी झाला. आघात, आधार आणि वर्ग हे तीन स्वतंत्र रकाने राहिले नाहीत. एकमेकांत गुंतलेल्या शक्ती म्हणून ते समोर आले.

विदर्भातही या दिशेने पावले पडली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २००५ साली शेतकरी आत्महत्यांच्या कारणांचा अहवाल दिला. पुढच्याच वर्षी इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या वतीने श्रीजित मिश्र यांनी वर्धा, वाशीम आणि यवतमाळ या जिल्ह्यांत आत्महत्या झालेल्या घरांची तुलना तशाच इतर घरांशी केली. आत्महत्या झालेल्या घरांत कर्जाचा बोजा अधिक होता. पण बहुतेक ठिकाणी तो एकटा नव्हता. आर्थिक स्थितीची घसरण, घरातील ताण, नापिकी, आजारपण, पत गेल्याची भावना अशी अनेक ओझी एकाच खांद्यावर आली होती. यातले एकच निवडून बाकीची खोडून टाकण्यास सांगणारा कागद वास्तवाचे वर्णन करीत नाही, तो त्याची काटछाट करतो. ‘व्यसन’ किंवा ‘कौटुंबिक कलह’ हे शब्द खोटे असतात असे नव्हे. परंतु दारू कधी वाढली आणि भांडण कशावरून पेटले, हे विचारले गेले नाही तर ते शब्द कारण सांगण्याऐवजी दोष लावण्याचे साधन होतात.

अर्थापत्तीची वाट

जी शक्ती डोळ्यांना दिसत नाही तिचा शोध तरी कसा घ्यावा? चिकित्सक वास्तववादी याला जी पद्धत सांगतात तिचे सूत्र असे: जे घडले ते घडू शकण्यासाठी काय असले पाहिजे, हे विचारावे. मीमांसकांनी मानलेल्या ‘अर्थापत्ती’ या प्रमाणाशी हिचे जवळचे नाते आहे. लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही, यावरून तो रात्री जेवत असला पाहिजे, हा अर्थापत्तीचा पाठ्यपुस्तकी दाखला पिढ्यान्‌पिढ्या गिरवला गेला. फरक एवढाच की, मीमांसक रात्रीच्या जेवणापाशी निश्चिंतपणे थांबत. आधुनिक संशोधकाला मात्र लठ्ठपणाची आणखी कोणती कारणे संभवतात याचाही पडताळा घ्यावा लागतो.

महाराष्ट्राच्या इतिहासात अशा विचारणेचे एक ठळक उदाहरण आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले आणि हे लोण नगर जिल्ह्यापर्यंत पोहोचले. डोळ्यांना दिसत होते ते कुणबी आणि सावकार यांचे भांडण. पण सावकार तर पिढ्यान्‌पिढ्या गावात होता. मग दंगा १८७५ सालीच का? हा प्रश्न विचारला की दृष्टी खोल जाऊ लागते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचा भाव चढला, त्याबरोबर पत वाढली आणि कर्जही वाढले. १८६५ साली युद्ध संपताच भाव कोसळला. त्याच सुमारास फेरआकारणीत जमीनमहसूल वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे तीन वर्षांच्या आत रोखा नव्याने लिहून घेण्याची सावकाराला घाई झाली, आणि दर वेळी व्याज मुदलात मिळू लागले. दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा हाती आल्यावर त्याला शेतकऱ्याची जमीनही मिळू लागली. सावकाराचा स्वभाव बदलला नव्हता. त्याच्या हातातील सत्ता बदलली होती. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुणब्याच्या दैन्याची मुळे धर्मकृत्यांच्या खर्चापासून सरकारी कचेरीच्या कारभारापर्यंत शोधली, तीही एकाच रकान्यावर समाधान न मानण्याची वृत्ती होती.

शंभर वर्षांनंतरच्या विदर्भालाही हाच प्रश्न विचारता येतो. कोरडवाहू जमीन, लहरी पाऊस आणि सावकार येथे पूर्वीही होते. मग विसावे शतक संपत असताना काय बदलले? १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदीचा आधार ढासळला आणि नव्या शतकाच्या आरंभी तो एकाधिकार संपला. बियाणे आणि औषधे दरवर्षी विकत घेण्याची शेती आली, खर्च वाढला आणि देशी कापसाचा भाव जागतिक बाजाराशी बांधला गेला. बँकेचे दार बंद झाले की कृषिकेंद्राची उधारी हाच मार्ग उरला. म्हणजे सल्ला देणारा, माल विकणारा आणि कर्ज देणारा एकच झाला. यातली एकही गोष्ट मृताच्या घरी भरावयाच्या कागदात येत नाही.

उपाय कोठे लागू पडतो?

कारणाची कल्पना उथळ असली की उपायही उथळ होतो. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तिच्या अनेक अंगांपैकी एक होते सवलतीच्या दराने दुभती गाय देण्याचे. कागदावर हिशेब सरळ होता: गाय आली की दूध, दूध आले की रोजचा पैसा. परंतु गाईच्या अंगची ही शक्ती प्रकट होण्यास चारा, पाणी, सांभाळणारे हात आणि दूध घेणारी संस्था लागते. हे नव्हते तेथे गाय हीच घरातील सर्वांत जास्त खाणारी सदस्य ठरली आणि अनेकांवर ती विकण्याची पाळी आली. २००८ च्या कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांचे थकीत संस्थात्मक कर्ज पूर्ण माफ झाले. त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना उरलेले कर्ज भरल्यास सूट मिळणार होती. ओलिताच्या प्रदेशात दोन हेक्टर म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर. विदर्भाच्या कोरडवाहू रानात तीन-चार हेक्टरचा धनीही कंगाल असू शकतो. शिवाय सावकाराचे कर्ज त्या योजनेच्या बाहेरच होते. उपाय एकच, परिस्थिती वेगळी, म्हणून परिणामही वेगळा.

याच धर्तीचा एक अनुभव पोषणाच्या क्षेत्रात आला. तामिळनाडूत १९८० साली जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या पोषण प्रकल्पात बालकांना पूरक आहार आणि मातांना आहारशिक्षण देण्यात आले. त्याचा चांगला परिणाम दिसला, म्हणून १९९५ साली तसाच प्रकल्प बांगलादेशात नेला. तेथे अपेक्षित यश आले नाही. पुढे झालेल्या मूल्यमापनात दिसले ते असे: शिक्षण मातांना दिले गेले, पण तेथील अनेक घरांत बाजारहाट पुरुष करीत आणि कोणाच्या ताटात काय पडावे हे सासू ठरवी. शिकलेल्या सुनेच्या हाती निर्णयच नव्हता. ‘आईला शिकवा’ हे सूत्र प्रत्यक्षात ‘घरातील अन्न जिच्या हाती आहे तिला शिकवा’ असे होते, आणि तामिळनाडूत ती व्यक्ती बहुधा आईच असल्याने हा फरक कोणाच्या ध्यानात आला नव्हता.

रे पॉसन आणि निक टिली यांनी १९९७ साली ‘रिअलिस्टिक इव्हॅल्युएशन’ या ग्रंथात मूल्यमापनाचा प्रश्नच बदलला, तो याच अनुभवांमुळे पटतो. ‘योजना यशस्वी झाली का?’ हा प्रश्न त्यांना अपुरा वाटतो. कोणासाठी, कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या शक्तीच्या द्वारा ती लागू पडली, असे त्यांनी विचारले. मन्सूर काझी यांनी २००३ मध्ये हीच दृष्टी आरोग्य व समाजकार्याच्या मूल्यमापनात वापरली. त्याआधी २००१ मध्ये स्टॅन ह्यूस्टन यांनी समाजकार्याच्या ब्रिटिश नियतकालिकात चिकित्सक वास्तववादाची बाजू मांडली होती. सारे काही माणसांच्या बोलण्यातून रचले जाते, या मतापलीकडे समाजकार्याने गेले पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता.

घर आणि व्यवस्था

प्रत्यक्ष काम करणाऱ्या कार्यकर्तीला यातून काय मिळते? समजा, समाजकार्याची एक विद्यार्थिनी क्षेत्रकार्यासाठी अशा एखाद्या घरी गेली आहे. कर्ता माणूस जिवंत आहे. पण तो बोलत नाही, शेतात जात नाही आणि घरातल्यांना भीती वाटते आहे. पहिली गोष्ट, तिने ऐकावे. त्याच्या मनात अपमान कशाला म्हणतात आणि जबाबदारी कशाला, हे त्याच्याकडूनच कळेल. भास्कर यांच्या मते माणसाची कारणमीमांसा हीदेखील एक खरी शक्ती असते. ‘आपल्यामुळे घर बुडाले’ ही समजूत चुकीची असली तरी तिचा परिणाम खराखुरा होतो. म्हणून समुपदेशन हे वरवरचे काम नव्हे. राज्यात २०१५ पासून चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ राबविण्यात आला, त्यामागील विचार योग्यच होता. जिवाला धोका दिसत असेल तेथे डॉक्टरांपर्यंत पोहोचविणे हे पहिले कर्तव्य; रचनेची चर्चा त्यानंतरची.

परंतु तिने तेथेच थांबू नये. त्याची ती समजूत खरी आहे का, हेही तिने तपासावे. हिशेबाची वही उघडून बियाणे, खत, व्याज आणि कापसाचा मिळालेला भाव एकाखाली एक लिहिले, तर पुष्कळदा असे दिसेल की, त्याने कष्टात कसूर केली नव्हती. त्या आकड्यांत कोणीही तोट्यातच गेला असता. स्वतःवर ओढलेला दोष त्यामुळे सैल होतो. येथे वस्तुस्थितीचे ज्ञान हाच उपचाराचा भाग होतो, आणि ज्या व्यवस्थेने ती समजूत पोसली तिच्यावरील टीकाही त्यातच येते. ‘चिकित्सक’ या विशेषणाचा अर्थ हाच आहे.

मग तिसरे काम उरते. त्या गावातील दहा घरांचे हिशेब एकत्र पाहिले, तर एकाच कृषिकेंद्राचे नाव, एकाच महिन्यात नाकारलेले पीककर्ज, एकाच वर्षी न मिळालेली विम्याची रक्कम असे काही वारंवार दिसू लागेल. एका घरात जे दुर्दैव भासते, ते दहा घरांत व्यवस्थेचे रूप घेते. कापसाचा जागतिक भाव ती विद्यार्थिनी बदलू शकणार नाही; पण नाकारलेल्या कर्जाची दाद मागता येते, विम्याचा पाठपुरावा करता येतो, बचत गटातून उधारीला पर्याय उभा करता येतो आणि आपल्या अहवालात सत्य लिहिता येते. व्यक्तिगत साहाय्य आणि सामाजिक परिवर्तन यांत निवड करण्याची गरजच मुळात खोटी आहे.

आक्षेप आणि मर्यादा

या विचारावर आक्षेप घेता येत नाहीत असे नाही. सर्वांत गंभीर आक्षेप असा की, दृश्याच्या मागे अदृश्य शक्ती आहे असे म्हणण्याची मुभा दिली, तर ज्याला जी हवी ती शक्ती तो दाखवील. कोणी भांडवलशाही दाखवील, कोणी पूर्वकर्म. हा धोका खरा आहे. त्यावर उतारा एकच: प्रत्येक स्पष्टीकरणाला प्रतिस्पर्धी स्पष्टीकरणासमोर उभे करावे. सांगितलेली शक्ती खरी असेल तर आणखी काय दिसायला हवे आणि काय दिसता कामा नये, हे आधीच सांगावे. मग मोजावे आणि ऐकावे. आकडे आणि कथने यांपैकी काहीही येथे टाकाऊ नाही. मात्र दोन्ही पुरावे आहेत, निकाल नव्हेत. सर्व ज्ञान प्रमादशील आहे, म्हणून सर्व मते समान, असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. अधिक चांगले स्पष्टीकरण कोणते, हे ठरविता येते, आणि ते ठरविण्याची जबाबदारी टाळता येत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. शासनाला नियम लागतात आणि कारकुनाला रकाना लागतो. प्रत्येक प्रकरणात तत्त्वचिंतन करीत बसणे शक्य नाही. हे मान्य करूनही एक भेद पाळता येतो. मदत कोणाला द्यावी, याचा निकष ही शासनाने घेतलेली प्रशासकीय निवड आहे. ती मृत्यूची कारणमीमांसा नव्हे. या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळे घरच्यांना दुःखाच्या दिवसांतच मृताच्या अब्रूचा खटला लढवावा लागतो, आणि ‘अपात्र’ हा शिक्का मदतीसोबत त्याचे शेतकरीपणही हिरावून नेतो. कर्ता माणूस गमावलेल्या घराची गरज ही मदतीची कसोटी झाली, तर कारणाचा शोध अधिक मोकळेपणाने आणि प्रामाणिकपणे घेता येईल. तो शोध संशोधकांचा आणि समाजकार्यकर्त्यांचा आहे. तलाठ्याच्या एका ओळीवर तो सोपवणे तलाठ्यावरही अन्यायच आहे.

सामाजिक शास्त्रांच्या वर्गांतून विद्यार्थ्यांना अजूनही पुष्कळदा विचारले जाते की, संशोधन संख्यात्मक करणार की गुणात्मक? हा प्रश्न हत्याराचा आहे. काय शोधायचे ते ठरण्याआधी तो विचारण्यात अर्थ नाही. त्या ओसरीवर कागद घेऊन बसलेल्या माणसाने शोधायचे आहे ते हे की, एक कष्टाळू माणूस जेथे उभा होता तेथून त्याला जगण्याची वाट दिसू नये, यासाठी कोणकोणत्या गोष्टी एकत्र याव्या लागल्या, आणि त्यांतली कोणती वेळीच हटवता आली असती. हे उत्तर एका शब्दात मावणार नाही. ते मावत नाही म्हणून ते नाहीच, असे समजणे मात्र थांबले पाहिजे.